भाषेला शाल मिळाली, भाषेच्या सरांचं काय?

३ ऑक्टोबरला अभिजात मराठीचा दिवस, ५ ऑक्टोबरला जागतिक शिक्षक दिन. दोन्हींच्या मध्ये फक्त एक दिवस. या दोन दिवसांच्या बरोबर मधे जो माणूस उभा आहे, तो म्हणजे मराठी शिकवणारा शिक्षक. यंदा सगळं वर्ष भाषेवरून भांडण्यात गेलं, पण त्याचं नाव कुणी काढलं का?

गेल्या महिन्यात ५ सप्टेंबरला सकाळी उठून व्हॉट्सॲप उघडलं, तर प्रत्येकाचं स्टेटस सारखंच. खडू, फळा, जळणारी मेणबत्ती आणि 'हॅपी टीचर्स डे'. दुपारपर्यंत शाळांमधले फोटो यायला लागले. साडी नेसलेल्या नववीतल्या 'मॅडम', ढगळ शर्टातले दहावीतले 'सर', आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर शाल-श्रीफळ घेऊन बसलेले खरे सर. दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथं. स्टेटस चोवीस तासांत उडालं, शाल कपाटात गेली.

आता या आठवड्यात दुसरा सोहळा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशी पाली, प्राकृत, बंगाली आणि असमिया यांनाही तो मिळाला. म्हणून राज्य सरकारनं ३ ऑक्टोबर हा अभिजात मराठी भाषा दिन ठरवला, आणि तिथून पुढचा आठवडा भाषा सप्ताह. म्हणजे महिन्याभरात आपण शिक्षकाचा सत्कार केला आणि भाषेचाही केला. पण भाषा शिकवणारा शिक्षक, तो नेमका कोणत्या कार्यक्रमात होता?

हा प्रश्न मुंबई-पुण्यात बसून विचारला तर तो चर्चासत्राचा विषय होतो. आपण तो शिरपूरमधून विचारून बघू.

शिरपूरचा वर्ग

शिरपूर जैन. वाशिम जिल्हा, मालेगाव तालुका. बाहेरच्यांना हे गाव माहीत असतं ते अंतरिक्ष पार्श्वनाथांमुळे. जमिनीला न टेकलेली मूर्ती अशी ख्याती, देशभरातून येणारे भाविक, आणि दोन पंथांचा जुना वाद. त्या वादात जवळपास चार दशकं बंद राहिलेलं मंदिर २०२३ मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हा गाव बातम्यांत आलं होतं. बाकी दिवस म्हणजे सोयाबीन, तूर, बसस्टँड, आणि वाशिम नाहीतर रिसोडकडे कॉलेजला जाणारी पोट्टी.

या भागातला सहावीचा एखादा वर्ग डोळ्यांसमोर आणा. पहिल्या बाकावरची मुलगी घरी वऱ्हाडी बोलते. तिच्या शेजारचा मुलगा तांड्यावरून येतो, त्याच्या घरात गोरमाटी चालते. तो आईला 'याडी' म्हणतो आणि भाकरीला 'बाटी'. मागच्या बाकावरचा घरात दखनी वळणाची उर्दू बोलतो. बाजारात दुकान असलेल्या घरातली मुलगी आजीशी मारवाडीत बोलते. चौघांच्या हातात बालभारतीचं एकच पुस्तक. त्या पुस्तकातली मराठी चौघांपैकी कुणाच्याच घरात तशीच्या तशी बोलली जात नाही.

आणि समोर उभे आहेत मराठीचे सर. त्यांचं काम काय? धडा शिकवणं? नाही. धडा शिकवण्याच्या आधी चार घरांतून आलेल्या चार भाषांना एका बाकावर बसवणं, हे त्यांचं खरं काम. आणि ते कुठल्याही वेळापत्रकात लिहिलेलं नसतं.

वाशिम जिल्ह्यात हे आणखी खास आहे. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी म्हणजे देशभरच्या बंजारा समाजाची काशी. मराठीला दर्जा मिळाल्यावर दोनच दिवसांनी, ५ ऑक्टोबर २०२४ ला, पंतप्रधानांच्या हस्ते तिथं बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. संस्कृती संग्रहालयात गेली, चांगलं झालं. पण भाषेचं बघा. २०११ च्या जनगणनेत लमाणी किंवा लंबाडी ही मातृभाषा सांगणारे देशात ३२ लाखांहून जास्त लोक होते, आणि जनगणनेच्या तक्त्यात ते सगळे 'हिंदी' या गटाखाली मोजले गेले. म्हणजे तांड्यावरचा मुलगा कागदावर हिंदी भाषक, शाळेत मराठी माध्यमाचा, आणि घरी गोरमाटी. या तिन्हींचा हिशेब जुळवायचा कुणी? मराठीच्या सरांनी.

'वावर' चूक की बरोबर?

माझ्या सातवीच्या वहीतली एक गोष्ट सांगतो. निबंध होता 'माझा सुट्टीचा दिवस'. मी लिहिलं होतं, 'म्या आजीसंग वावरात गेल्तो. तथी ढोरं चरून रायले व्हते.' तेव्हाच्या सरांनी लाल पेनानं दोन्ही वाक्यं खोडली आणि वर लिहिलं, 'शुद्ध लिही.' दहापैकी तीन मार्क. त्यानंतर वर्षभर मी निबंध लिहिलाच नाही. गाईडमधला पाठ करून उतरवायचो. गाईडमधल्या मुलाची आजी नदीकाठी राहायची आणि तो कोकिळेचं कूजन ऐकायचा. मला काय, मार्क तर आठ मिळायचे.

आठवीत दुसऱ्या बाई आल्या. त्यांनी एकदा वर्गात विचारलं, "शेताला तुमच्या घरी काय म्हणतात?" वावर, शेत, खेत, असे आवाज आले. बाईंनी फळ्यावर सगळे शब्द लिहिले. मग म्हणाल्या, "यातला एकही चूक नाही. फक्त परीक्षेच्या पेपरात कोणता, पत्रात कोणता, आणि गोष्टीतल्या आजीच्या तोंडी कोणता, हे ठरवता आलं पाहिजे." त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की प्रमाणभाषा म्हणजे घरच्या भाषेवर मारलेली फुली नाही. बाहेर जाताना घालायचा तो एक जादाचा कपडा आहे. घरचे कपडे फेकून द्यायला कुणी सांगितलं नाही.

दोन शिक्षक, एकच विषय, एकच पुस्तक. फरक एवढाच, की एकानं माझी भाषा दुरुस्त केली आणि दुसरीनं मला भाषा वापरायला शिकवलं. आणि खरं सांगायचं तर पहिल्या सरांवरही माझा राग नाही. त्यांच्याकडे तीन वर्ग होते. साठ साठ वह्या तपासताना 'वावर' या शब्दाशी थांबून बोलायला त्यांना वेळ कुठून मिळणार होता?

ही वऱ्हाडी काही कमअस्सल भाषा नाही, हे आता पुस्तकांनीही सांगून झालंय. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० साली आली, तिची पात्रं वऱ्हाडीत बोलतात, आणि ती मराठीतली महत्त्वाची कादंबरी मानली जाते. वऱ्हाडीत कविता लिहिणारे विठ्ठल वाघ हे मराठीचेच प्राध्यापक. म्हणजे जी भाषा शाळेत लाल पेनानं खोडली जाते, तीच एम.ए.च्या अभ्यासक्रमात संदर्भासहित स्पष्टीकरणाला येते. गंमत आहे ना?

वर्षभराचं भांडण, आणि त्यातला न दिसलेला माणूस

आता २०२५ कडे बघू. १६ एप्रिलला शासन निर्णय निघाला, की मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची. गदारोळ झाला. १७ जूनला सुधारित निर्णय आला. 'सक्ती' गेली, पण सर्वसाधारणपणे हिंदीच. दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० विद्यार्थी हवेत. पुन्हा गदारोळ. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

अडीच महिने टीव्हीवर, कट्ट्यावर, रीलमध्ये सगळे बोलत होते. कुठली भाषा, कितवीपासून, कुणाच्या दबावाखाली. सगळे प्रश्न महत्त्वाचे, वाद नाही. पण 'शिकवणार कोण' हा प्रश्न त्यात कितीदा ऐकला? १७ जूनच्या निर्णयात त्याचं उत्तर होतं, पण कसं? २० विद्यार्थी भरले तर शिक्षक देऊ, नाहीतर ती भाषा ऑनलाइन शिकवू. सहा वर्षांच्या मुलाला नवी भाषा, तीही स्क्रीनवरून! ज्या गावात पावसाच्या दोन सरी आल्या की लाइट जाते, तिथं.

जे आधीच आहे त्याचीही गत पाहा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. सहावी ते आठवीसाठी त्याच्या परिशिष्टात लिहिलंय, की शाळेत विज्ञान-गणिताला किमान एक शिक्षक, सामाजिक शास्त्रांना एक, आणि भाषांना एक. 'भाषांना' हा शब्द नीट वाचा. मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही मिळून किमान एक. पट मोठा असेल तर शिक्षक वाढतात. पण लहान गावातल्या लहान शाळेत व्यवहारात काय होतं? जो माणूस पहिल्या तासाला संतांचे अभंग शिकवतो, तोच तिसऱ्या तासाला टेन्स घेतो आणि पाचव्या तासाला हिंदीचे मुहावरे. आपण भाषा वाढवायच्या गप्पा मारतो आणि सगळ्या भाषा एकाच माणसाच्या खांद्यावर टाकतो.

२०२० मध्ये राज्यानं सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची करणारा कायदा केला. न पाळणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंड. दंडाचा आकडा कायद्यात आहे. पण चांगला मराठीचा शिक्षक तयार कसा होईल, हे दंडानं ठरत नाही.

इथं साने गुरुजी आठवतात. अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये ते शिक्षक होते. पुढे स्वातंत्र्यलढ्यात त्रिचनापल्लीच्या तुरुंगात गेले, तिथं सोबतच्या कैद्यांकडून तमिळ शिकले आणि 'कुरल'चा मराठीत अनुवाद केला. भारतीय भाषांनी एकमेकींकडे यावं, ही त्यांची आंतरभारतीची कल्पना. त्रिभाषा सूत्राची इतकी चर्चा झाली, पण शिकवणाऱ्यानं आधी स्वतः विद्यार्थी होऊन परकी भाषा शिकायची असते, हे त्यांच्याकडून घ्यायचं राहूनच गेलं.

शिक्षक दिनाच्या चार दिवस आधी

१ सप्टेंबर २०२५. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर नोकरी जाणार. ज्यांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली आहे त्यांना सूट, पण बढती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेले सर ५ सप्टेंबरला गळ्यात हार घालून बसले होते आणि डोक्यात टीईटीचा अभ्यासक्रम होता.

हा निकाल चांगला की वाईट? दोन्ही बाजू आहेत. गुणवत्तेची काहीतरी किमान अट हवीच. आपल्या भावंडांना कुणीही शिकवावं असं आपल्याला वाटत नाही. दुसऱ्या बाजूनं, नोकरीला लागताना नसलेली अट पंचवीस वर्षांनी लावणं अनेकांना अन्याय वाटतो. पण या सगळ्यात भाषेचा एक धागा आहे. टीईटीचा पहिली ते पाचवीसाठीचा पेपर १५० गुणांचा. त्यात भाषा एकला ३० आणि भाषा दोनला ३०. म्हणजे १५० पैकी ६० गुण भाषेचे. परीक्षा घेणाऱ्यालाही माहीत आहे, की लहान वर्गांचा प्रत्येक शिक्षक हा आधी भाषेचा शिक्षक असतो. गणिताचं शाब्दिक उदाहरण ज्याला वाचता येत नाही, त्याचं गणित कच्चं नसतं. वाचन कच्चं असतं.

आणि वाचन किती कच्चं आहे? 'असर' २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या २३.४ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होतं. दोन वर्षांत सात टक्के वाढ. कोविडनंतरची ही उडी कुणी मारली? ॲपनं? नाही. अक्षरगट, शब्दकार्ड आणि गोष्टींची पुस्तकं घेऊन फरशीवर बसलेल्या बाईंनी. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू म्हणजे चारपैकी तीन मुलांना अजूनही ते जमत नाही. कौतुक आणि काळजी, दोन्ही एकाच आकड्यात.

मग त्या बाईंना वेळ द्या ना! शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं, की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक काम द्यायचं नाही. प्रत्यक्षात कुठल्याही शाळेत जाऊन सरांचा मोबाइल बघा. किती ग्रुप, किती लिंक, किती फोटो 'तात्काळ अपलोड करा'. गणिताचा तास बुडाला तर उद्या दोन उदाहरणं जास्त घेता येतात. पण मुलाचं मोठ्यानं वाचन ऐकून घ्यायचं राहिलं, तर ते उद्या दुप्पट वेगानं ऐकता येत नाही. भाषेच्या शिक्षकाचं भांडवलच वेळ आहे, आणि आपण नेमका तोच काढून घेतो.

बारा रुपये

ही मागणी काही आजची नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं. त्यात त्यांनी प्राथमिक शिक्षकांबद्दल अगदी रोखठोक लिहिलं. शिक्षक प्रशिक्षित असावेत. शक्य तितके शेतकरी समाजातून आलेले असावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील. आणि पगार महिना किमान १२ रुपये असावा, मोठ्या गावांत १५ ते २० रुपये.

बघा, फुल्यांनी 'गुरू म्हणजे ब्रह्मा' असं काही म्हटलं नाही. आकडा सांगितला. सन्मान म्हणजे काय, तर प्रशिक्षण, पगार आणि लोकांच्या भाषेत बोलता येणारा माणूस. १४३ वर्षं झाली. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासून दिले जातात, राज्याच्या पुरस्काराला आज क्रांतिज्योती सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. नाव घेतलं, उत्तम. आता निवेदनही वाचायला हवं.

आपल्या मातीतले भाषेचे मास्तर

शिरपूर-वाशिमच्या मुलांना कधीकधी वाटतं, की भाषा, साहित्य वगैरे पुण्याचं काम, आपण आपलं सोयाबीन बघावं. तर ऐका.

वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. या शाखेचा संस्थापक सर्वसेन, चौथ्या शतकातला. त्यानं 'हरिविजय' नावाचं महाकाव्य लिहिलं, तेही संस्कृतात नाही, तर प्राकृतात. आज ते काव्य उपलब्ध नाही, पण नंतरच्या काव्यशास्त्रकारांनी त्याचा गौरव केलाय. वाशिमलाच सापडलेला विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट संस्कृत आणि प्राकृत अशा दोन्ही भाषांत आहे. आणि दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त गोष्ट रचली, की काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लागलं ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. साहित्याचं लग्न आपल्या वाशिमला लागलंय, भाऊ! वऱ्हाडी आपणच.

ती प्राकृत आणि आपली मराठी यांचं नातं आजी-नातीचं. जैन साधूंनी महाराष्ट्री प्राकृतात विपुल लिहिलं. शिरपूरला दर्शनाला येणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं? मराठी आणि प्राकृत यांना एकाच दिवशी दर्जा मिळाला, तेव्हा शिरपूर जैनला दोन कारणांनी आनंद व्हायला हवा होता. राज्य मंडळात अर्धमागधी आणि पाली हे विषय आजही घेता येतात. पण ते शिकवणारं कुणी जवळच्या शाळेत असेल तर. इथंही अडतं ते शिक्षकापाशीच.

पुढे तेरावं शतक. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर. महानुभाव पंथाचे नागदेवाचार्य. पंथातले पंडित केशोबास संस्कृतात रचना करत होते. नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. कारण काय दिलं? असं लिहिलंत तर माझ्या म्हाताऱ्या बायकांना त्यातलं काही मिळणार नाही. ज्यांना शिकवायचं त्यांची भाषा आधी, पांडित्य नंतर. मला विचाराल तर मराठीतलं हे सगळ्यात जुनं 'भाषा धोरण' आहे, आणि त्याच्या केंद्रस्थानी शिकणारी म्हातारी बाई आहे. त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय.

आणि त्या काळातलं 'लीळाचरित्र' आज आपण वाचू शकतो, त्यामागे कोण? बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे डॉ. वि. भि. कोलते. मराठीचे प्राध्यापक, पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू. सांकेतिक लिपीतल्या पोथ्या, पाठभेद, पंथातले वाद, या सगळ्यातून वाट काढत त्यांनी संपादन केलं. मराठीच्या अभिजातपणाचा दावा करणारा अहवाल रंगनाथ पठारे समितीनं २०१३ मध्ये दिला. असे पुरावे मांडता येतात, कारण आधी कुणीतरी मराठीचा मास्तर आयुष्यभर पोथ्यांवर वाकून बसलेला असतो.

आता आपल्याबद्दल बोलू

इथपर्यंत सरकार, कोर्ट, इतिहास झाला. आता आपण, म्हणजे कॉलेजवाले.

अकरावीला सायन्स घेतलं तेव्हा फॉर्म भरताना आपण काय केलं? 'मराठीच्या जागी आयटी घेता येतं, स्कोअरिंग आहे.' वर्गातल्या निम्म्यांनी तेच केलं. चूक केली असं म्हणत नाही, मार्कांची शर्यतच तशी आहे. पण प्रत्येक वर्गातून असे विद्यार्थी कमी झाले की मराठीचा वर्कलोड कमी होतो, वर्कलोड कमी झाला की पद जातं, आणि पद गेलं की पुढच्या पोरांना मराठी घ्यायचं म्हटलं तरी शिकवायला पूर्णवेळ माणूस नसतो. मग तासिका तत्त्वावरचे सर येतात. नेट-सेट झालेले, काही पीएच.डी. झालेले. तासाप्रमाणे पैसे, सुट्टीचे पैसे नाहीत, पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ते ठाऊक नाही. दोन कॉलेजांत दुचाकीवर धावत ते आपल्याला ज्ञानेश्वरी शिकवतात. आणि आपण मागच्या बाकावर रील बघतो.

दुसरी गोष्ट, एआय. परवा एका मित्रानं मराठीची असाइनमेंट चॅटजीपीटीकडून लिहून घेतली. विषय होता 'माझं गाव'. उत्तर आलं, 'माझे गाव निसर्गाच्या कुशीत वसलेले असून येथे झुळझुळ वाहणारी नदी आहे.' त्याच्या गावात नदी नाही. मॅडमनी वाचलं आणि एकच प्रश्न विचारला, "कुठंय रे नदी?" वर्ग हसला, तोही हसला. पण मला माझी सातवीची वही आठवली. गाईडमधली नदी आता एआयमध्ये आलीय, एवढंच. मशीन शुद्ध लिहितं. 'वावर' म्हणजे काय, हे तिला सांगता येईलही. पण तुझ्या आजीच्या वावराबद्दल तूच लिही, असा आग्रह धरणारं माणूस वर्गातच हवं. एआय आल्यावर भाषेच्या शिक्षकाची गरज कमी होणार नाही, वाढणार आहे. फरक एवढाच, की त्याला आता व्याकरणाच्या चुकांपेक्षा खोट्या नद्या शोधाव्या लागतील.

मग सन्मान कसा करायचा?

दक्षिण कोरियात शिक्षक दिन असतो १५ मे. ही तारीख का? ती राजा सेजोंगची जयंती. पंधराव्या शतकात त्यानं सामान्य माणसाला सहज शिकता येईल अशी हंगुल लिपी घडवली. म्हणजे त्या देशानं शिक्षकाचा दिवस आणि लिपीचा दिवा लावणारा माणूस एकत्र जोडला. आणि ती प्रथा सुरू कशी झाली? शाळेतल्या मुलामुलींनी आजारी आणि निवृत्त शिक्षकांच्या घरी भेटायला जाण्यातून. बल्गेरियातही २४ मे हा लिपी, शिक्षण आणि संस्कृतीचा एकत्रच दिवस असतो. आपल्याकडे भाषेचे दिवस वेगळे, शिक्षकाचा वेगळा, आणि दोन्हींकडे भाषणं मात्र तीच.

सरकारकडून मागायच्या गोष्टी तीन, आणि तिन्ही मोजता येतील अशा. एक, उच्च प्राथमिक शाळेत 'भाषां'ना मिळून एक शिक्षक पुरत नाही, लहान शाळांतही मराठीसाठी वेगळं पद हवं. दोन, वऱ्हाडी, गोरमाटी, उर्दू घरांतून येणाऱ्या मुलांना प्रमाण मराठीकडे कसं न्यायचं, याचं प्रशिक्षण आणि साहित्य हवं. वाशिमसारख्या आकांक्षित जिल्ह्यात तर आधी हवं. तीन, कॉलेजांतली मराठीची रिक्त पदं तासांवर न भागवता पूर्णवेळ भरायला हवीत. जाधव समितीच्या अहवालाचंच घ्या. त्यात 'कोणती भाषा' यासोबत 'कोणता शिक्षक' हेही असावं, ही अपेक्षा जास्त नाही.

आणि आपण? आपल्याला जमणाऱ्या गोष्टी अगदी साध्या आहेत. मराठीच्या तासाला बसणं. स्वतःची असाइनमेंट स्वतः लिहिणं, चुका असल्या तरी. आपल्या आजीचे, तांड्यावरच्या मित्राच्या याडीचे शब्द एका वहीत उतरवून ती वही सरांना दाखवणं; त्यांच्या पुढच्या वर्गाला ती पुस्तकाइतकीच उपयोगी पडेल. गावातल्या शाळेत शनिवारी तासभर जाऊन तिसरीच्या एखाद्या लेकराचं वाचन ऐकणं. बाईंचा तेवढा एक तास वाचतो, आणि त्या लेकराला ऐकणारं माणूस मिळतं.

मी दिवाळीच्या सुट्टीत आठवीच्या त्या बाईंकडे जाणार आहे. त्या आता निवृत्त झाल्यात. शाल नेणार नाही, त्यांच्याकडे पुष्कळ आहेत. हा लेख नेणार आहे. त्या चष्मा लावून वाचतील, बहुतेक दोन-तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ काढतील. 'वावर' मात्र खोडणार नाहीत, एवढी खात्री आहे.

तुम्ही कुणाकडे जाणार?